भुताचा हिशेब : आपल्याकडचे खरोखर भीतिदायक चित्रपट



मागच्या पावसाळ्यात मी याच सभागृहात ‘संशयवाद’ या विषयावर बोललो होतो. समोर एकोणीस माणसं होती, त्यातली दोन पाऊस थांबायची वाट बघत बसलेली. आज खुर्च्या कमी पडल्यात. भुताला एवढी किंमत आहे हे आधी कळलं असतं, तर मी कांट शिकवण्यात आयुष्य घालवलं नसतं.

आजचा विषय मला एका मुलीने दिला. माझ्या जुन्या विद्यार्थ्याची मुलगी, कॉलेजात आहे. ती म्हणाली, “सर, खरंच भीती वाटेल असा सिनेमा सांगा. दचकवणारा नको, तसले पुष्कळ पाहिले.” मी गंमत म्हणून दोन-तीन नावं सांगितली, पण घरी आल्यावर तिचं वाक्य डोक्यातून जाईना. तिने सहज बोलता बोलता भीती आणि दचकणं यांच्यात फरक केला होता. या फरकावर आपल्याकडे फार पूर्वी विचार झालेला आहे, आणि त्या विचाराच्या उजेडात आपल्या भयपटांचा इतिहास मांडला तर तो चांगला मांडता येतो. म्हणून आज नावं सांगणार आहे, पण इतिहासाच्या ओघात.

आधी एक खुलासा. मी भूत मानत नाही. देवरूखात राहून, मार्लेश्वराच्या वाटेवर रात्री-अपरात्री फिरूनही मानत नाही. देवचार, राखणदार, मुंजा, समंध, गिऱ्हा, चकवा ही सगळी मंडळी मला लहानपणापासून नावानिशी ठाऊक आहेत, ओळख मात्र एकाशीही झाली नाही. पण भूत न मानणाऱ्या माणसालाही रात्री मागच्या पडवीत जाताना भीती वाटते. ती कशाची, हा तत्त्वज्ञानातला प्रश्न आहे.

आता भरतमुनींकडे जाऊ. नाट्यशास्त्रात आठ रस. त्यातला भयानक, त्याचा स्थायीभाव भय. त्याच्या शेजारी बीभत्स, त्याचा स्थायीभाव जुगुप्सा, म्हणजे किळस. आजचे निम्मे भयपट ही दोन घरं एक समजतात. रक्त दाखवलं, आतडी दाखवली की भीती वाटेल, अशी त्यांची समजूत असते. तिथे वाटते ती किळस. ती थिएटरच्या बाहेर येईपर्यंत पुरते, फार तर रात्रीच्या जेवणापर्यंत.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढे आहे. भरत भयानकाचे तीन प्रकार सांगतो. एक व्याजातून आलेलं, म्हणजे भीतीचं सोंग. दुसरं अपराधातून आलेलं. तिसरं वित्रासितक, म्हणजे कशाने तरी एकदम घाबरून गेल्याचं. मधला शब्द बघा. अपराध! गुरूचा अपराध केला, राजाचा अपराध केला, आणि आता त्याचं काय होईल ही भीती. शून्यगृह, अरण्य, घुबड, कोल्हेकुई ही सामग्री भरताच्याही यादीत आहेच, पण त्याच यादीत त्याने माणसाची स्वतःची करणीही घातली आहे. मला हे विलक्षण वाटतं.

आपले भयपट या तीन प्रकारांतून गेले. अगदी एकामागून एक असं नाही, इतिहास तितका आज्ञाधारक नसतो, पण साधारण गेले.

पहिला टप्पा व्याजाचा. भरताचं व्याज म्हणजे पात्राने घेतलेलं भीतीचं सोंग, मी जरा ओढून ते भुताच्या सोंगाला लावतो. १९४९ साली बॉम्बे टॉकीजचा ‘महल’ आला. कमाल अमरोहींचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. ओसाड वाडा, झोपाळा, अशोककुमार, मधुबाला, आणि लांबून येणारं गाणं. ते लताबाईंनी गायलं होतं, पण पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं. आवाज सगळीकडे, आणि बाईचं नाव कुठेच नाही. चित्रपटात शेवटी भूत खोटं निघतं, ती माळ्याची मुलगी असते. पण नाव पुसला गेलेला तो आवाज मात्र खरा होता. हे ध्यानात ठेवा, मला पुन्हा इथे यायचंय.

मग १९६२ चा ‘बीस साल बाद’, शेरलॉक होम्सच्या कुत्र्याच्या गोष्टीवरून बेतलेला, आणि १९६४ चा राज खोसलांचा ‘वह कौन थी’. सगळीकडे पांढरी साडी, धुकं, गाणं, आणि शेवटी कुणाचा तरी डाव. स्वातंत्र्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या सिनेमाला भूत हवं होतं, पण ते मानायची लाज वाटत होती. नवा देश, धरणं, कारखाने; त्यात भूत कुठे बसवायचं? म्हणून दोन तास भूत आणि शेवटची दहा मिनिटं पोलीस. हे चित्रपट गाण्यांसाठी पाहा, छायाचित्रणासाठी पाहा. भीतीसाठी नको.

याच सावलीतला आपला मराठी चित्रपट म्हणजे १९७६ चा ‘हा खेळ सावल्यांचा’. दिग्दर्शक वसंत जोगळेकर, आशा काळे आणि काशिनाथ घाणेकर. माझ्या पिढीला ‘नरसूचं भूत’ एवढं म्हटलं तरी पुरे. शेवट सांगत नाही, इथे तरुण मंडळी आहेत. त्यातल्या हृदयनाथांच्या चालीच्या गाण्याने आम्हाला भीतीसाठी एक वाक्प्रचारच दिला. चाळीस वर्षांनी, २०१६ साली, झी मराठीवर तळकोकणातल्या वाड्याची मालिका आली तेव्हा तिने आपलं नाव त्या गाण्यातूनच उचललं. आज पाहिलात तर चित्रपट संथ वाटेल. पण आशाबाईंचा चेहरा पाहा. पडद्यावर काही नसताना त्या जे बघतात, ते आपल्याला दिसू लागतं.

दुसरा टप्पा वित्रासिताचा, म्हणजे रामसे बंधूंचा. यांची सुरुवात मजेची आहे. १९७० साली त्यांच्या वडिलांनी ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ नावाचा चित्रपट काढला, तो पडला. पण मुलांच्या लक्षात आलं की एका प्रसंगासाठी लोक परत येतायत. त्या प्रसंगात भयंकर मुखवटा घातलेले पृथ्वीराज कपूर चोरी करतात. बाकी सिनेमा गेला उडत, हाच प्रसंग वाढवू, असं ठरलं. सात भाऊ, कुणी दिग्दर्शन, कुणी कॅमेरा, कुणी आवाज. सगळं कुटुंब घेऊन महाबळेश्वरला गेले आणि १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ करून आले. पुढे १९८४ चा ‘पुराना मंदिर’, १९८८ चा ‘वीराना’. मी यांना हसणार नाही. त्यांनी भूत खरं केलं, शेवटी पोलीस बोलावले नाहीत. पण त्यांचं भूत दारामागे उभं असतं आणि दार उघडल्यावर काम संपतं. दचकायला वेळ लागत नाही आणि विसरायलाही. आपल्या महेश कोठारेंनी १९९३ मध्ये ‘झपाटलेला’ काढून तात्या विंचू घरोघरी पोचवला. तो हसवायलाच आला होता, त्यामुळे त्याच्यावर आरोप नाही. अगदी २०२४ चा ‘मुंज्या’सुद्धा, कोकणातलं पिंपळावरचं भूत घेऊन, मुख्यतः हसवतोच.

आता तिसरा टप्पा, आणि माझी यादी खरी इथून सुरू होते.

पहिलं नाव ‘गहराई’, १९८०. दिग्दर्शक विकास देसाई आणि अरुणाराजे, लेखनात विजय तेंडुलकर. चित्रपट हिंदी, कथा कर्नाटकातली, पण पडद्यामागे आणि पडद्यावर आपलीच माणसं: श्रीराम लागू, पद्मिनी कोल्हापुरे, सुहास भालेकर, अमरीश पुरी. बंगळूरला राहणारा एक सुशिक्षित अधिकारी गावाकडची वडिलोपार्जित जमीन साबणाच्या कारखान्याला विकतो. वर्षानुवर्षं ती जमीन सांभाळणारा गडी विनवतो, रडतो. व्यवहार होतो. आणि मग घरातली शाळकरी मुलगी वेगळ्याच आवाजात बोलू लागते, बापाची जुनी कृत्यं सगळ्यांदेखत सांगू लागते.

तुम्ही म्हणाल, हा ‘एक्झॉर्सिस्ट’. १९७३ च्या त्या चित्रपटाची छाया आहे, नाकारत नाही. पण तिथे सैतान बाहेरून येतो, त्या कुटुंबाने त्याचं काही वाईट केलेलं नसतं. इथे जे येतं ते घरातल्याच फायलीतून येतं. भूत काय सांगतं याने मुलीच्या आईला भीती वाटत नाही. ते खरं असेल याची वाटते. आणि त्या विवेकवादी बापाच्या भूमिकेत कोण? देवाला निवृत्त करावं असं जाहीरपणे मांडणारे डॉ. लागू. एका नास्तिकाला मांत्रिकासमोर हात टेकताना बघणं हे त्यात अवघड जातं, कारण तो मूर्ख म्हणून टेकत नाही, बाप म्हणून टेकतो.

हा मी पुण्यात पाहिला, तिशीत होतो. तेव्हा मला तो मानसशास्त्राचा चित्रपट वाटला. पुन्हा पाहिला तो इथे, निवृत्तीनंतर, आमच्या गावची वरची बाग आम्ही भावंडांनी मिळून विकली त्या वर्षी. घेणारा सज्जन होता, पैसे चोख दिले. सातबाऱ्यावरून नाव उतरलं. ती बाग तीन पिढ्या राखणाऱ्या कुटुंबातला म्हातारा पायरीवर बसला होता, तो काहीच बोलला नाही. त्या रात्री ‘गहराई’ लावायची दुर्बुद्धी मला का झाली, सांगता येत नाही. सभागृहातल्या किती जणांनी गेल्या दहा-पंधरा वर्षांत जमीन विकली आहे, ते विचारत नाही. ज्यांनी विकली असेल त्यांनी हा चित्रपट एकट्याने पाहू नये.

इथे थोडं आडवळण घेतो, कारण हे बोललो नाही तर चुकेल. अंगात येणं दाखवणारे चित्रपट बाईच्या शरीरावर चालतात. मांत्रिक मारतो, धूर देतो, केस ओढतो, आणि प्रेक्षक म्हणतात, काय अभिनय केलाय! हे सगळं प्रत्यक्षात आपल्या आसपासच्या बायकांनी सोसलेलं आहे. डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर, २०१३ मध्ये, जादूटोणाविरोधी कायदा झाला. असले प्रकार आज गुन्हा आहेत. ‘गहराई’तला अमरीश पुरींचा मांत्रिक भयंकर वाटतो तो मंत्रामुळे नाही, एका पोरीकडे तो ज्या नजरेने बघतो त्यामुळे. ही नजर दाखवायचं धैर्य नसेल तर दिग्दर्शकाने त्या विषयाला हात लावू नये, असं माझं मत.

राम गोपाल वर्मांचे दोन चित्रपट मध्ये येतात, १९९२ चा ‘रात’ आणि २००३ चा ‘भूत’. दुसऱ्यात एकही गाणं नाही, आणि वाडा नाही. मुंबईतला उंच इमारतीतला फ्लॅट, लिफ्ट, वॉचमन. भूत पहिल्यांदा आपल्या पत्त्यावर राहायला आलं. उर्मिला मातोंडकरांचं काम जरूर बघा.

मग थेट २०१७. ‘लपाछपी’, मराठी, दिग्दर्शक विशाल फुरिया, पूजा सावंत आणि उषा नाईक. सावकारांच्या भीतीने पळालेलं जोडपं, बायको आठ महिन्यांची गरोदर, उसाच्या फडातलं एकाकी घर. या चित्रपटात भीती भर दुपारी आहे. फडात माणूस शिरला की चारी बाजू सारख्या दिसतात. ऊस अंगावर घासतो, पलीकडे लेकरांचे आवाज येतात, आणि वर लख्ख ऊन. उषाबाई ज्या मायेने त्या पोरीला जेवू घालतात त्याने अंगावर काटा येतो. याच दिग्दर्शकाने तो २०२१ मध्ये हिंदीत ‘छोरी’ म्हणून पुन्हा केला. तुम्ही मराठीच पाहा.

त्यातली लेकरं कोण, ते मी सांगत नाही. एवढंच सांगतो: गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा आपल्या महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. आणि त्यानंतर २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात ८०७. हे आकडे मी वर्गात अनेकदा फळ्यावर लिहिले. मुलं वहीत उतरवून घ्यायची. ‘लपाछपी’ पाहून बाहेर पडलेली मुलं वही काढत नाहीत, गप्प असतात.

आणि शेवटचं नाव, जे तुम्ही सगळे मनात घेऊन आला आहात. ‘तुंबाड’, २०१८.

तुंबाड आपल्या जिल्ह्यात आहे, खेड तालुक्यात, जगबुडीच्या काठी. श्री. ना. पेंडशांनी ‘तुंबाडचे खोत’ लिहून ते मराठी वाचकाच्या नकाशावर आणलं. चित्रपटाने त्या कादंबरीचं फक्त गाव घेतलं, गोष्ट नाही. गोष्टीचं बीज नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेत आहे, आणि धारपांची कथा स्टीफन किंगच्या कथेवरून आलेली. म्हणजे अमेरिकेतली आजी पुण्यात आली आणि पुण्याहून कोकणात. दिग्दर्शक राही अनिल बर्वे, ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणाऱ्या अनिल बर्व्यांचे चिरंजीव. चित्रीकरण कित्येक पावसाळे चाललं. व्हेनिसच्या महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहात तो दाखवला गेला, आपल्याकडे पहिल्या फेरीत बेताचा चालला, आणि २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा लागला तेव्हा थिएटरं भरली.

त्यातली देवी, हस्तर, कणकेच्या बाहुल्या हे पुराण रचलेलं आहे, आपल्या कुठल्याही पोथीत नाही. मला त्याची हरकत नाही, कारण त्याच्या आतली गोष्ट अस्सल आहे. सोनं अमाप आणि धान्य नाही, असा शापित देव. त्याची भूक वापरून त्याच्याकडून एकेक मोहोर चोरणारी माणसं. काळ बघा: १९१८, १९३३, १९४७. खोतीच्या अखेरच्या वर्षांचा हा पट आहे. डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं ते १९३७ मध्ये, कायदा झाला १९४९ मध्ये. कुळांच्या घामावर वाडे कसे उभे राहिले, हे आपण इतिहासात वाचतो. ‘तुंबाड’मध्ये ते वाड्याच्या पोटात उतरून बघावं लागतं. बाप मुलाला वारसा म्हणून काय देतो? उतरायची दोरी आणि चोरीचं कसब. पोरगं बापापेक्षा जास्त हावरट निघतं, आणि बापाला क्षणभर त्याचा अभिमान वाटतो. माझ्या मते सगळ्या चित्रपटातला सर्वांत भयानक क्षण तो आहे. हस्तर नव्हे.

पण मला रात्रभर जागं ठेवलं ते सुरुवातीच्या म्हातारीने. साखळदंडाने बांधलेली, अंधाऱ्या खोलीतली आजी. मुलांना तिची भीती घातलेली.

आमच्या गावच्या घरात काळोखाची खोली होती. जुन्या कोकणी घरांत असायचीच, माजघरामागे, खिडकी नसलेली. आम्हा पोरांना सांगितलेलं, तिकडे जायचं नाही, तिथे ‘ती’ आहे. आम्ही कधी गेलो नाही. चेंडू गेला तर चेंडू सोडून दिला. मी तत्त्वज्ञानात डॉक्टरेट घेतली, भुताच्या अस्तित्वाविरुद्ध व्याख्यानं दिली, आणि सुट्टीत घरी आलो की त्या दारावरून जरा भराभर चालायचो.

‘ती’ कोण, हे मला आई अंथरुणाला खिळल्यावर कळलं. आजोबांची चुलत बहीण. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत नवरा गेला. ती अकरा वर्षांची होती. सासरच्यांनी आणून सोडली. केस काढले, आलवण नेसवलं, आणि त्या खोलीत जागा दिली. राबायला बाहेर, बाकी वेळ आत. मी जन्मलो त्याच्या आदल्या वर्षी ती वारली, म्हणजे तीस वर्षं ती तिथे होती. मी आईला नाव विचारलं. आईला आठवेना. सगळे ‘ताई’ म्हणायचे म्हणे.

‘तुंबाड’ मी कोल्हापुरात पाहिला. मध्यंतरात माझ्या लक्षात आलं की आम्हाला भूत कशासाठी सांगितलं होतं. पोरांनी खोलीत जाऊन विचारू नये म्हणून. भीती होती म्हणून आम्ही विचारलं नाही, आणि विचारलं नाही म्हणून नाव गेलं. भरताचं ‘अपराध’ मी वर्षानुवर्षं शिकवलं होतं, गुरूचा अपराध, राजाचा अपराध. अकरा वर्षांच्या मुलीचा त्याच्या यादीत नाही.

असो. यादी पुरी करतो. किनाऱ्याच्या खाली केरळात राहुल सदाशिवन नावाचे दिग्दर्शक आहेत, त्यांचा २०२२ चा ‘भूतकालम’ पाहा: आई, मुलगा आणि भाड्याचं घर, बस्स. मग त्यांचाच २०२४ चा ‘ब्रमयुगम्’, कृष्णधवल, मामूट्टी. तो ‘तुंबाड’च्या दुसऱ्या दिवशी पाहा, जोडी जमते. परदेशातले दोनच सांगतो. १९६१ चा ‘द इनोसंट्स’, तळ्यापलीकडच्या वेतात दिवसाढवळ्या उभी असलेली बाई, ‘लपाछपी’ची थोरली बहीण म्हणा. आणि २०१६ चा फारसी ‘अंडर द शॅडो’, युद्धाच्या काळातलं तेहरान, वर क्षेपणास्त्रं आणि घरात जिन्न.

फोनवर पाहू नका. मोठा पडदा नसेल तर निदान खोलीत अंधार करा आणि आवाज कानात घालू नका, खोलीत सोडा. आवाज खोलीच्या कोपऱ्यातून यायला हवा. ‘तुंबाड’ पावसात पाहा, पाऊस आपल्याकडे फुकट आहे. ‘लपाछपी’ दुपारी. ‘गहराई’बद्दल सांगितलंच.

प्रश्न असतील तर विचारा. वीज आहे तोवर घेऊ.